पाला उचलावा की ठेवावा

मळवलीला घरामागची परसबाग हाती आली तेव्हा कुंडीपलीकडे मी कधी काही लावलेलं नव्हतं. मृगाच्या सरी पडल्या, जमीन भिजली, तशी कामशेतच्या बाजारातून झेंडू, वांगी आणि मिरचीची रोपं आणली. पालक-मेथी पेरली, कुंपणाच्या कडेनं काकडी आणि घेवडा टोकला. विसापूरच्या अंगानं ढग उतरत होते, लोहगड दिसेनासा झाला होता आणि वाफ्यांत सगळं तरारून येत होतं. मग एका सकाळी झेंडूच्या जागी नुसत्या काड्या. नुकतंच उगवलेलं घेवड्याचं रोप खोडासकट गेलेलं. पालकाचा अर्धा वाफा उघडा पडलेला. पानांवर अळी नाही, खाली अळीच्या लेंड्या नाहीत, नाकतोडाही नाही. बांधाच्या दगडांवरून मात्र वाळलेल्या लाळेच्या चकचकीत रेघा गेल्या होत्या.

शेजारच्या मावशींना हाक मारली. त्यांनी रेघेवर बोट फिरवलं. "गोगलगाय हाय ही. दिवसाची न्हाय गावायची ताई. रातच्याला बत्ती घेऊन बघा."

रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन गेले आणि जागीच थबकले. वाफ्यात दहा-बारा नव्हे, जिथं उजेड टाकावा तिथं काहीतरी सरकत होतं. आणि ते एका जातीचं नव्हतं. बोटभर लांब, चपटी, काळपट, पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेली बिनशंखी गोगलगाय होती. तिची पाठ कातड्यासारखी कोरडी दिसत होती. निमुळत्या, तपकिरी पट्ट्यांच्या मोठ्या शंखाच्या होत्या, त्यातली एखादी मुठीएवढी. शर्टाच्या बटणाएवढ्या, पातळ शंखाच्या तर भिंतीवरच चढलेल्या. या सगळ्या शत्रू की यातल्या काहीच? झेंडू नेमका कुणी खाल्ला? बॅटरीच्या उजेडात उभी राहून मला एवढंही सांगता येत नव्हतं.

माहिती मिळत गेली ती तुकड्यातुकड्यानं. चपटी, बिनशंखी आहे तिचं शास्त्रीय नाव लेविकॉलिस आल्टे. ती मूळची आफ्रिकेतली. उन्हाळ्यात जमिनीच्या भेगांत, दगडाखाली दडून बसते आणि ओल आली की रात्री बाहेर पडते. झेंडू, घेवडा, पालेभाज्या ही तिची आवडती पानं. पट्ट्यापट्ट्यांचा मोठा शंख घेऊन फिरणारी ती आफ्रिकन शंखी गोगलगाय. ती आपल्याकडे कशी आली याची नोंद आहे. विल्यम बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकानं १८४७ साली मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या तिथल्या चौरंगी भागातल्या बागेत सोडल्या गेल्या. तिथून रोपांच्या मातीबरोबर आणि मालाच्या गाड्यांबरोबर ती देशभर पसरली. गावच्या कृषी सहायकांनी तिचं नाव ऐकताच मान हलवली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात याच गोगलगायींनी उगवतं सोयाबीन एका रात्रीत फस्त केलं होतं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली होती. माझ्या वाफ्यांचं दुःख त्यापुढे फार लहान आहे हे मला तेव्हा कळलं. पण प्राणी तोच.

"हिच्यात नर-मादी वेगळे नसतात," ते म्हणाले. "प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, एका वेळी शंभरावर. त्यामुळे पाच राहिल्या तरी पुढच्या पावसाळ्याला पुरतात." जाताना त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथं मुद्दाम लिहिते. उघड्या हातानं गोगलगाय धरायची नाही. उंदरांच्या फुफ्फुसात राहणारा एक सूक्ष्म कृमी या गोगलगायींच्या अंगात असू शकतो आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. म्हणून हातमोजे घालायचे, नसतील तर चिमटा वापरायचा, नंतर साबणानं हात धुवायचे आणि बागेतली पालेभाजी कच्ची खायची तर पान न् पान चोळून धुवायचं. लहान मुलं शंख खेळायला उचलतात. त्यांना आधी सांगायला हवं.

मग सुरू झाला उपायांचा पाऊस. ज्याला विचारावं त्याचा उपाय वेगळा. मीठ टाका. चुन्याची रेघ ओढा. राख पसरा. अंड्याची टरफलं चुरून घाला. तंबाखूचं पाणी फवारा. तांब्याची पट्टी लावा. कुणी बिअरची वाटी पुरायला सांगितली. सगळ्यांचं बोलणं ठाम होतं आणि मी वहीत लिहून घेत होते.

यातले बरेच उपाय कोरड्या मुलखातले आहेत हे मावळच्या पावसानंच शिकवलं. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मळवली तिथून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी ओढलेली चुन्याची रेघ रात्रीतून दूध होऊन वाहून जाते. राख चिखलात मिसळते. या दोन्ही गोष्टी कोरड्या असतील तोवरच गोगलगायीच्या ओल्या पायाला बोचतात, भिजल्या की त्यांचं काही चालत नाही. टरफलांबद्दल मला फार आशा होती. पण ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०१८ साली लेट्यूसच्या रोपांभोवती अंड्याची टरफलं, खडी, तांब्याची पट्टी, लोकरीच्या गोळ्या असे घरगुती अडथळे मांडून तपासले होते आणि नुसत्या उघड्या रोपांच्या तुलनेत काहीच फरक दिसला नव्हता. माझ्या टरफलांवरून तर गोगलगायी सरळ चढून जाताना मी डोळ्यांनी पाहिल्या.

मिठाची पिशवी मी घेऊन आले तेव्हा मावशी धावत आल्या. "त्ये मीठ ठिवा घरात! मिठानं वावर मरतं." त्यांचं बरोबर होतं. गोगलगाय मिठानं मरते, पण तेच मीठ मुळांशी उतरतं आणि मातीतल्या गांडुळांनाही सोडत नाही.

राहिल्या त्या दुकानातल्या गोळ्या. दुकानदारानं हसत पुडा पुढे केला, वर मेटाल्डिहाइड असं लिहिलेलं. गोगलगायी त्याच्या वासानं येतात, खातात आणि मरतात. पण कुत्र्यांनाही त्या गोळ्यांचा वास आवडतो, आणि त्यांच्यासाठी हे जहर आहे. आमच्या आळीत रात्री चार कुत्री मोकळी फिरतात. विषानं मेलेली गोगलगाय जो पक्षी खाईल त्याचं काय? ब्रिटननं २०२२ च्या वसंतात या गोळ्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला, कारण हेच: पक्षी आणि इतर जनावरं. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या त्या मानानं सौम्य असतात, सेंद्रिय शेतीतही चालतात, पण मी विचारलं त्या दुकानांत त्या नव्हत्या. परदेशात १९९४ पासून गोगलगायीच्या अंगात शिरणारे सूक्ष्म सूत्रकृमी विकत मिळतात, पाण्यात मिसळून जमिनीवर ओतायचे. तेही इथं कुणाला माहीत नव्हतं. पुडा मी परत दिला.

मावशींची रीत त्यांच्या सासूपासून चालत आलेली. रोप लहान असताना ते जमिनीवर ठेवायचंच नाही. पत्र्याच्या डब्यात तयार करायचं, डबा दगडावर, दगड पाण्याच्या परातीत. वीतभर उंच आणि खोड जरठ झालं की मगच वाफ्यात. "बारक्या पोराला रस्त्यावर सोडता का?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. माझा झेंडू कोवळा असताना लावला गेला आणि पालक थेट मातीत पेरला, म्हणून गोगलगायींना आयतं ताट मिळालं. भाताची रोपं करायची जागाही मावशी पावसाआधी भाजतात. शेण, पाला, कवळं पसरून राब जाळायचा, की वरच्या थरातलं तणाचं बी आणि किडीची अंडी जळून जातात.  

पण मावशी माळकरी. गोगलगायी वेचून मारायचं म्हटल्यावर त्यांनी कानाला हात लावला. "ज्येचं त्येनं खावं ताई. आपलं आपुन राखावं." मी मात्र वेचायचं ठरवलं. कृषी सहायकांनी सांगितल्याप्रमाणे गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बारदान संध्याकाळी वाफ्यांच्या मध्ये अंथरायचं. सोबत पपईची पानं टाकायची. गोड वास आणि ओली अंधारी जागा यांमुळे गोगलगायी रात्रभर खाऊन पहाटे त्याच्याखालीच लपतात. सकाळी बारदान उचलायचं, चिमट्यानं वेचायचं, साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकायचं आणि नंतर खड्ड्यात चुना घालून पुरायचं. काम किळसवाणं आहे आणि मनाला लागणारंही. पण वाफ्यातला फरक आठवड्यातच दिसू लागला, आणि बारदानाखाली मिळणाऱ्या गोगलगायी कमी होत गेल्या. आजवर पाहिलेल्या उपायांत एवढा खात्रीचा दुसरा नाही.

कोंबड्याही सोडून पाहिल्या. शंखाची पिल्लं त्या टिपतात, पण चपट्या काळ्या गोगलगायीला चोच मारली की चिकट लाळ चोचीला लागते आणि कोंबडी ती जमिनीवर घासत बसते. शिवाय गोगलगायींतून कोंबड्यांच्या श्वासनळीत कृमी जाऊ शकतात. बदकं चांगली असं पुष्कळांनी सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण बदकांना रोपं तुडवू न देणं हे वेगळंच काम आहे, आणि रात्री मुंगूस, कोल्हा येणार.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते. सगळे उपाय सांगणाऱ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: पाला उचला. कुंपणाशी साचलेला पालापाचोळा, कुजकी लाकडं, दगडांचे ढीग, सगळं साफ करा, कारण गोगलगायी दिवसा तिथंच लपतात. सल्ला चोख होता. आंब्याखालचा गेल्या वर्षीचा पाला मी फावड्यानं ओढायला घेतला. अंधार पडला, अर्धं काम राहिलं. बॅटरी आणायला वळले तोच ढिगाच्या कडेला दोन हिरवट ठिपके दिसले. लुकलुकत नव्हते, स्थिर होते. खाली वाकून पाहिलं तर चपटी, खवल्याखवल्यांची, काळी अळी. शेपटाकडचे दोन ठिपके उजळलेले आणि डोकं एका बटणाएवढ्या गोगलगायीच्या शंखात पार आत.

ती काजव्याची अळी होती. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, आणि कळल्यावर कितीतरी वेळ त्याच विचारात होते. मे सरता सरता आणि जूनच्या सुरुवातीला राजमाचीला काजवे पाहायला माणसं रांगेनं जातात. मीही पूर्वी गेले आहे, झाडं उजळताना पाहून भान हरपलं आहे. पण काजव्याचं ते उडणारं, चमकणारं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं असतं, आणि त्यात पुष्कळ जातींचे काजवे काहीच खात नाहीत. त्याआधीचे कितीतरी महिने तो अळी होऊन ओल्या पालापाचोळ्यात, मातीत राहतो आणि तिथं त्याचं मुख्य अन्न गोगलगायी. लाळेच्या रेघेचा माग काढत तो गोगलगायीपर्यंत पोचतो, पोकळ जबड्यानं तिला दंश करतो, ती लुळी पडते. मग पाचक रस सोडून तिचं मांस पातळ करतो आणि शोषून घेतो. आपल्यापेक्षा कितीतरी मोठी गोगलगायही तो अशी संपवतो. ज्या जीवाची जत्रा भरते, तो बाकीचं वर्ष हे काम करत असतो.

आणि मी त्याचं घर फावड्यानं ओढत होते. पाला उचलला तर गोगलगायीचा आसरा जातो, तसा काजव्याचाही. पाला ठेवला तर दोघं राहतात. मग करायचं काय? कित्येक दिवस मी त्या ढिगाला हात लावला नाही. फक्त बसून पाहिलं.

पाहिल्यावर एकेक दिसू लागलं. ढिगाच्या बाजूला चिखलात मोठे भेक बसलेले असायचे, छोट्या गोगलगायी जिभेनं ओढून घ्यायचे. चिचुंद्री भिंतीच्या कडेनं चिकचिक करत जायची. तिच्या वासानं मी आधी तिला हाकलत असे, ते सोडून दिलं, कारण किडे आणि गोगलगायी हेच तिचं जेवण. सकाळी भारद्वाज यायचा, तांबड्या पंखांचा, काळा, जड पावलांचा. आफ्रिकन शंखी गोगलगाय फोडून खाणारा आपल्याकडचा बहुधा सर्वांत कामाचा पक्षी हाच. आमच्याकडे एका ठराविक दगडाशी फुटक्या शंखांचा सडा पडलेला असतो, तो का हे मला आधी कळलं नव्हतं. पहाटे ओढ्याकडून शीळकरी कस्तुराची लांब शीळ येते. माणसानं सहज घातल्यासारखी. त्याच्या खाण्यातही गोगलगायी आहेत, खेकडे आहेत. एवढी फौज परसात असताना दुकानात कशाला गेले होते, असं वाटलं.

मग एक लोभही सुटला: हे खाणारे आणखी आणून सोडता आले तर? त्याचं उत्तर प्रशांत महासागरातल्या बेटांवर फार महागात मिळालेलं आहे. आफ्रिकन गोगलगायीला मारण्यासाठी १९५५ साली हवाईत आणि १९७७ साली ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर अमेरिकेतली एक शिकारी गोगलगाय सोडली गेली. तिनं मोठ्या गोगलगायीला फारसं शिवलं नाही. तिथल्याच, जगात दुसरीकडे कुठं नसलेल्या, झाडांवर राहणाऱ्या लहान गोगलगायी खाल्ल्या. मोरेआवरच्या पार्टुला गोगलगायी काही वर्षांत रानातून संपल्या. उरल्या त्या प्राणिसंग्रहालयांत.

हे वाचल्यावर मी भिंतीवरच्या त्या बटणाएवढ्या गोगलगायींकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. सह्याद्रीत, म्हणजे सबंध पश्चिम घाटात, जमिनीवरच्या गोगलगायींच्या अडीचशेच्या वर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक इथल्याच, इतरत्र न सापडणाऱ्या. अजून नव्या सापडत आहेत. २०२१ साली आंबोलीहून एका नव्या प्रजातीची नोंद झाली, पाठीवर छोटासा शंख पण अंग त्यात न मावणारी. तिला डॉ. वरद गिरी यांच्या नावावरून वरदिया हे नाव दिलं गेलं. अशा देशी गोगलगायी बहुतांशी शेवाळ, बुरशी, कुजका पाला खातात. भिंतीवरची माझी गोगलगाय शेवाळच खात होती. रोज रात्री पाहिलं तरी ती वाफ्यात उतरली नाही. त्या पहिल्या रात्री हातात मीठ असतं तर तीही गेली असती.

तेव्हापासून वेचताना एवढंच पाळते: पट्ट्यापट्ट्यांचा निमुळता मोठा शंख आणि चपटी काळी, या दोनच बादलीत. बाकी जिथल्या तिथं.

पाल्याचा प्रश्न अंतरानं सुटतो आहे असं वाटतं. वाफ्यांभोवती चार-पाच पावलांचा पट्टा मी स्वच्छ, उघडा ठेवते. दगड नाहीत, तण नाही, फळी नाही. तो पट्टा ओलांडून येणाऱ्या गोगलगायींसाठी मध्ये गुळाचं बारदान. त्यापलीकडे, आंब्याखाली आणि कुंपणाशी, पाला जसा पडतो तसा राहू देते, कुजकं लाकूडही. तिथं भेक, चिचुंद्री, काजव्याच्या अळ्या आणि गोगलगायी यांचं जे चालायचं ते चालतं. उघडीप असेल तर पाणी सकाळी घालते, संध्याकाळी नाही, म्हणजे रात्री वाफ्याची माती वरून सुकलेली असते आणि गोगलगायीला सरकणं जड जातं. रोपं मावशींच्या रीतीनं परातीतल्या दगडावर. या वर्षी झेंडूला दसऱ्याच्या आधी फुलं आली. पालकाची पानं अजूनही चाळणीसारखी होतात, पण भाजीपुरता निघतो. सगळ्या गोगलगायी जातील ही अपेक्षा मी सोडली आहे. गेल्याच तर काजव्यांनी काय खायचं?

पुढच्या वर्षाची तयारी मेअखेरीस करायची आहे. आफ्रिकन गोगलगाय उन्हाळाभर शंखाचं तोंड पांढऱ्या पडद्यानं बंद करून दगडांच्या फटीत, मातीत पडून असते. पहिल्या पावसानं ती जागी होते आणि अंडी घालते. त्याआधी बांधाचे दगड उलटून जेवढ्या सापडतील तेवढ्या वेचायच्या, असं कृषी सहायकांचं सांगणं. कोरड्यात वेचलेली एक गोगलगाय पावसातल्या शंभर पिल्लांच्या बरोबरीची.

आणि दिवा. काजव्यांची नर-मादी अंधारात एकमेकांच्या उजेडानं भेटतात. आजूबाजूला रात्रभर झगझगाट असेल तर ती भेटच होत नाही, आणि पुढची अळी जन्मत नाही. आमच्या परसातला दिवा मी काढून टाकला आहे, बॅटरीवर लाल कागद बांधला आहे. मागच्या बंगल्याचा मोठा दिवा मात्र थेट आमच्या आंब्यावर पडतो. तिथल्या राखणदार दादांशी बोलले, काजव्याची अळी नेऊन दाखवली. त्यांनी लहानपणी खाचराच्या बांधावर अशा पाहिल्या होत्या, लगेच ओळखली. दहानंतर दिवा बंद करायला ते तयार झाले. शनिवार-रविवारी मालकांकडे पाहुणे असतात, त्या दोन रात्री तो चालूच राहतो. जूनच्या आधी मालकांना भेटून बोलायचं आहे.